सगळ्यांना उघडी फाइल

कर्णिक मॅडम मोजमापांची फाइल आधी वेबसाइटवर टाकायच्या, मग चहा घ्यायच्या. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत हे कोणाला झेपत नसे. बाकीचे लोक शोधनिबंध छापून येईपर्यंत आपले आकडे छातीशी धरून बसायचे; यांचे मात्र जगात कोणीही उघडून बघावेत. "कोणी चोरले तर?" असं विचारलं की म्हणायच्या, "चोरू दे की. क्षयरोग बरा झाल्याशी मतलब."

मी त्यांच्या प्रकल्पावर कंत्राटी होतो. खुल्या विज्ञानाची चळवळ व्हायला हवी म्हणून सभाबिभा घ्यायचो. मॅडम मला जाम चिडवायच्या. "आले आमचे पुढारी. अरे, माझे वडील लालबागला युनियनमध्ये होते. चळवळ काय असते ते मी घरात पाहिलंय, चूल बंद असताना. तू आपले आकडे टाक." मला राग यायचा. चळवळ म्हटल्याशिवाय माणसं जमत नाहीत, असं मी भांडून सांगायचो.

मग आमचा मोठा निष्कर्ष आला. एक जुनं, स्वस्त औषध हट्टी क्षयरोगावर चालतं. संचालकांनी पत्रकार परिषद ठरवली, एक रुग्णालय त्याच दिवसापासून ते औषध सुरू करायला तयार झालं. आदल्या दिवशी सकाळी नांदेडच्या एका प्राध्यापिकेची मेल आली. आमची फाइल तिने तपासली होती. तिचं म्हणणं, नमुन्यांचा एक ट्रे यंत्रात उलट्या तोंडाने गेलाय, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच रुग्णाच्या नावावर पडलेत. मॅडमनी पडताळलं. खरं होतं. ट्रे त्यांनी स्वतः लावला होता. आकडे सरळ केल्यावर औषधाचा गुण उरलाच नाही.

संचालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. सर हळू आवाजात म्हणाले, "फाइल आज काढून टाका. परिषद होऊ दे, दुरुस्ती मागाहून बघू. नाहीतर प्रकल्प बंद होईल, मॅडम. याची नोकरी जाईल."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझी बायको तेव्हा गरोदर होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"औषध उद्यापासूनच द्यायला लागणार ना, सर?" एवढंच विचारून त्यांनी लॅपटॉप ओढला आणि फाइलवर लिहिलं, 'माझी चूक. निष्कर्ष रद्द.' खाली स्वतःचं नाव आणि नांदेडच्या बाईंचे आभार.

प्रकल्प गेला, माझी नोकरीही. जिन्यात मी तोंड सोडलं. "तुम्ही रिटायर व्हाल, मॅडम. माझं काय?"

त्या कठडा धरून थांबल्या. "तुझं वाईट झालं रे."

पुढे चूक जाहीर कबूल केली म्हणून पेपरात त्यांचं कौतुक छापून आलं. त्यांनी माझ्यासाठी माटुंग्याच्या कॉलेजपासून शीवच्या रुग्णालयापर्यंत शब्द टाकला, असंही कानावर आलं. त्यांचे फोन मी उचलले नाहीत. इतका चिडलो होतो.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दादरच्या स्मशानात एक अनोळखी बाई माझ्याजवळ आली. नांदेडहून आले, म्हणाली. मॅडमशी तिची भेट कधीच झाली नव्हती, फक्त मेल चालायच्या.

मी मॅडमच्या प्रकल्पावर होतो, असं तिला सांगितलं. "तुम्हीच का ते?" तिने विचारलं. "मॅडम नेहमी लिहायच्या, नाव माझं झालं, किंमत त्या पोराने मोजली. चळवळ त्याचीच होती."

तिच्यासमोर मला रडू आवरेना.