यमूच्या गुडघ्याचा दोरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घरात गोष्टी सांगणारा मीच, चार माणसं जमली की मला पुढं बसवतात. पण विषय यमूच्या पायाकडं वळला की मला नेमकी तहान लागते, मी उठतो.

यमू माझी धाकटी बहीण. आठव्या वर्षी तिचे गुडघे सुजले. सकाळी पाय इतके आखडायचे की बाबा तिला उचलून न्हाणीत न्यायचे. त्या वेळी सोलापुरात एक डॉक्टर लहान मुलांच्या सांधेदुखीच्या नोंदी जमवत होते. मुलं दुखतंय म्हणाली की ते शाळा चुकवायचं सोंग, असंच तेव्हा सगळे समजायचे. तसं नाही, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. त्यांची रीत साधी — रोज सकाळी गुडघ्याभोवती सुताचा दोरा गुंडाळायचा, टोकाला टोक भिडलं की कापायचा आणि वहीत चिकटवायचा. माप रोज एकाच हातानं घ्यायचं, म्हणजे फरक पडत नाही. हात माझा निवडला. वय अकरा, अक्षर वळणदार.

आणि मी जळत होतो. मोसंबी यमूला, बाबांची मांडी यमूला, टांगा करून डॉक्टर यायचे तेही यमूसाठी. मी वर्गात पहिला आलो, कुणी विचारलं? सूज यावी म्हणून मी गुडघा भिंतीवर आपटून पाहिला — भिंतीचा पोपडा पडला, आणि त्याचा मारही मलाच.

मग एका सकाळी — किती घोळवतोय मी हे — कापलेला दोरा मी आणखी थोडा छाटला. ती बरी दिसली तर हे सगळं थांबेल, एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त. महिनाभर.

डॉक्टर वही पाहून हरखले. म्हणाले, सूज उतरतेय, आता चालवा हिला. यमू शाळेच्या वाटेवर रडत बसायची. आई म्हणायची, "सोंगं पुरे झाली की आता. दोरा खोटं बोलतो व्हय?"

यमूनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीत पाहिलं.

पुढं डॉक्टरांनी स्वतः गुडघा चाचपला. "मुलीपेक्षा वहीवर विश्वास ठेवला, चूक माझी," असं ते बाबांना म्हणाले. मी शेजारीच होतो, हातात कात्री. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं?

उजवा गुडघा पुन्हा वाकला नाही. यमू आता चाळिशीला आलीय. माझ्या मुलांना सांगते, "अण्णानं माझं दुखणं रोज मोजलं, कधी कंटाळला नाही." भाऊबीजेला मी पाटावर बसतो. ती मला उभ्यानं ओवाळते.