गनमेटलचे बुश

जगातली कुठलीही वस्तू लेथवर चढल्याशिवाय पुरी होत नाही, असं जोतीराम मेस्त्रींचं ठाम मत होतं. उद्यमनगरात त्यांची धातू कातायच्या दोन लेथची शेड होती आणि घर कळंब्यात. घरातल्या कुकरची शिटी हलकी वाटली म्हणून त्यांनी पितळेची भक्कम शिटी करून बसवली. ती आयुष्यात एकदाच वाजली, आणि त्या दिवशीची डाळ स्वयंपाकघराच्या छताला चिकटली ती कायमची. बायको बयाबाईंनी तो डाग कुणाला पुसू दिला नाही. पुरावा राहू दे, म्हणायच्या.

अशा माणसानं अठ्ठ्याण्णव साली सेकंडहँड गाडी घेतली. विकणाऱ्यानं ती उभ्या उभ्या दाखवली होती आणि उभी असताना ती खरोखरच चांगली होती. चालायला लागली की मात्र भांड्यांचं दुकान उतरणीला लागल्यासारखा आवाज यायचा. चौकातला मेकॅनिक आकाराम खाली वाकून म्हणाला, "मेस्त्री, खालच्या आर्मचं रबरी बुश गेल्यात. चार बुश बदला, गाडी गप हुतीय."

चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी आर्म असतो, त्याच्या सांध्यात ही रबराची जाड कडी बसते. रस्त्याचा धक्का आपण खायचा आणि वर जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. पण मेस्त्रींनी 'रबर' हा शब्द ऐकला आणि ताटात केस निघाल्यासारखं तोंड केलं. "येवढी लोखंडाची गाडी, आन् रबराच्या भरवशावर? शाळेतलं खोडरबर हाय काय ते?" म्हणाले आणि विषय मिटवला. गाडी खडखडतच राहिली.

तो खडखडाट शाहूवाडीपर्यंत पोचला तेव्हा मात्र अंगाशी आला. एकुलती लेक अनुजा तिकडं दिलेली, सातवा महिना लागलेला. पहिलं चौथ्या महिन्यात गेलं होतं, त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. या खेपेला बाळंतपण माहेरीच, हे बयाबाईंनी ठरवून टाकलं होतं. मेस्त्री थाटात आणायला गेले. व्याही बाळासोंनी गाडीचा आवाज वेशीपासून ऐकला आणि दारातच हात जोडले. "पावणं, जेवा, ऱ्हावा. पर सूनबाई ह्या खडखड्यातनं न्हाय पाठवायची. पयल्या टायमाला काय झालं, ठावं हाय न्हवं? गाडी नीट करून या. पर आठवा लागला की मग बाळंतपण हितंच."

अनुजा पिशवी भरून उंबऱ्यात उभी होती. "आबा, लवकर या," एवढंच म्हणाली. मेस्त्री रिकामी गाडी वाजवत घरी आले.

"भाड्यानं जीप आणू की," बयाबाई म्हणाल्या.

"माझी लेक माझ्याच गाडीतनं यील," मेस्त्री म्हणाले आणि लेथवर गेले. दोन दिवस खपून त्यांनी गनमेटलचे, म्हणजे काशासारख्या टणक धातूचे, चार बुश घडवले. काम देखणं होतं, त्यात शंका नाही. देवघरात ठेवले असते तर लोकांनी हळदकुंकू वाहिलं असतं.

रविवारी अंगणात गाडी जॅकवर चढली, खाली ओंडके लागले. कळंब्यात एक माणूस गाडीखाली शिरला की सहा जण वर उभे राहतात, तसे राहिले. मेस्त्रींनी आर्म काढले, व्हाइसच्या जबड्यात धरून जुनं रबर दाबून बाहेर काढलं, पत्र्याच्या डब्यात फेकलं आणि गनमेटल बसवलं. "आता माझ्या नातवाला पोरं झाली तरी हलायचं न्हाय," ते म्हणाले. सहाही जणांनी माना डोलावल्या, कारण त्यांना त्या गाडीत बसायचं नव्हतं.

बयाबाई मात्र घट्ट लागलेल्या दह्याचं मडकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. "तळ्यापत्तुर जाऊन येऊ," म्हणाल्या. गाडी निघाली. पूर्वी नुसता आवाज होता, आता रस्त्यातला प्रत्येक खडा आपली ओळख करून देत होता. परत आल्यावर त्यांनी मडक्यावरचं फडकं काढलं. दह्याचं ताक झालं होतं, लोण्याचा गोळा तेवढा यायचा बाकी होता.

"रस्ताच खराब हाय," मेस्त्री म्हणाले.

"मग रस्ता बी चढवा लेथवर," बयाबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अवो, पोरीच्या पोटात दही न्हाय."

मेस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. भीती वाटली त्यांना, आणि भीतीवर बसवायला त्यांच्याकडं कुठलाच बुश नव्हता.

सकाळी ते आकारामकडं गेले आणि रबरी बुश मागितले. आकाराम हसला नाही, हे जास्त लागलं. "साबणाच्या पाण्यानं बसवा, तेल लावू नगा," तो म्हणाला. "आन् गाडी हवेत आसताना बोल्ट आवळू नगा. रबर पिळून फाटतंय. चाकं टेकवा, माणसं बसवा, मग आवळा."

पुन्हा जॅक, पुन्हा सहा जण. नवे बुश बसले. चारी चाकं चिऱ्यांवर टेकवून मेस्त्री पाना घेऊन खाली शिरले. बयाबाई वर मागच्या सीटवर, शेजारी तांदळाचं अर्धं पोतं.

"अनुजाचं वजन येवढंच आसंल न्हवं?" खालून आवाज आला.

"पोटातल्याचं बी धरा की."

 मग खालून पाना फिरल्याचा आवाज आला.

दुसऱ्या खेपेला दही तळ्यावर जाऊन जसंच्या तसं परत आलं. आठवा लागायला चार दिवस असताना मेस्त्री शाहूवाडीला पोचले. बाळासोंनी मागच्या सीटवर बसून गावाला एक चक्कर मारली, उतरले आणि सुनेची पिशवी स्वतः डिकीत ठेवली. येताना अनुजा झोपून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मेस्त्रींच्या कामाची कुणी तारीफ केली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

मुलगी झाली. गनमेटलचे बुश बयाबाईंनी पापडांवर वजन म्हणून ठेवले. बाराव्या दिवशी पाळणा टांगला तर आढ्याची कडी करकरायला लागली आणि पोर दचकून रडायला लागली. "मेस्त्री, गनमेटलची कडी करा की!" शेजारी म्हणाले.

 मेस्त्रींनी पत्र्याच्या डब्यातून झिजलेला जुना रबरी बुश काढला, सुरीनं उभा चिरला आणि कडीत बसवला. पाळणा गप झाला. पोर झोपली.

दुसऱ्या दिवशी बयाबाईंनी स्टुलावर चढून छताची डाळ खरवडून काढली.