चार गोत्रं आणि एक 'नो'

आमच्या कोकणात प्रत्येक वळणावर एखादं भूत ठेवलेलंच असतं, पण मी त्यातलं एकही कधी मानलं नाही. तरी हे लिहितोय, कारण जालन्यातली एक दुपार अजून डोक्यातून जात नाही...

साल १९९६. जालन्यात बियाण्याच्या दुकानामागच्या खोलीत दुकानाच्या मालकांचा, भैयांचा, कॉम्प्युटर होता. मी नववीतून शाळा सोडलेला, वेंगुर्ल्याहून आलेला. भैयांनी काम दिलं, राहायला जागा दिली, टायपिंग शिकवलं — ते उपकार फिटायचे नाहीत. त्यांनी काढलं असतं तर मला जायला ठिकाण नव्हतं.

त्यांच्या मारवाडी समाजातल्या सोयरिकी तपासायला भैया प्रोग्राम करत होते. मुलाची चार गोत्रं, मुलीची चार — स्वतःचं, आईचं, दोन्ही आज्यांचं — मी कार्डावरून टाकायचो. मग नियम: एकही गोत्र जुळत नसेल तर लग्न चालतं. प्रत्येक ओळीशेवटी पूर्णविराम, नाहीतर मशीन ओळ घ्यायचंच नाही. प्रश्न विचारला की मशीन 'येस' नाहीतर 'नो' म्हणायचं. बंद केलं की सगळं पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून टाका.

एका दुपारी भैयांनी गंमत म्हणून धाकट्या बहिणीचं, कांचनदीदीचं, ठरलेलं स्थळ टाकायला लावलं. आठही गोत्रं वेगळी. मशीन म्हणालं — नो.

"कोकण्या, काय टाकून राह्यला तू?"

"भैया, कार्डावरचंच..."

टाकलेलं सगळं स्क्रीनवर काढून पाहिलं. बिलकुल बराबर. दुसरी स्थळं विचारली — येस, येस. बंद करून पुन्हा टाकलं — नो. मग मला बाहेर उभं करून त्यांनी स्वतः टाकलं. तरी नो! बाहेर आले ते माझ्या बोटांकडे बघत.

"खरं बोल. मशीनला नो म्हणायला लावायचं कोणी शिकवलं तुला?"

मी रडायच्या बेतात. तेवढ्यात चहा घेऊन आलेली दीदी दारातच थांबली. "खरंच न्हाई म्हणतंय?"

"तुला काय करायचंय—" भैया चिडले, अन् तिचा चेहरा बघून त्यांनी आवाज उतरवला. "कांचन... तुला पसंद तर हाये ना?"

हे तिला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. ती नुसती मान हलवून 'नाही' म्हणाली.

स्थळ मोडलं. मला मात्र ठेवलं.

आठवड्याने मी खोलीत एकटा होतो. दीदीच्या मोडलेल्या स्थळाचं सगळं पुन्हा टाकलं. तीच कार्डं, तोच नियम, तेच पूर्णविराम. मशीन म्हणालं — येस.

मी झटकन स्विच बंद केला. भैयांना आजवर सांगितलेलं नाही. सांगून विश्वास कोण ठेवणार? भेटलो की भैया अजून आधी माझ्या बोटांकडे बघतात... आणि मीही.