सॅम्पल आमच्या शेतातलं

“ॲप्रन काढ. लुगडं आणलंस ना?”

सर एवढंच म्हणाले आणि पाहुण्यांच्या गाडीकडे गेले.

कॉलेजच्या लेडीज टॉयलेटमध्ये मी आईचं लुगडं नेसले. हात धुवायला आलेल्या दोन मुली मला बघून हसू दाबत निघून गेल्या.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. नाशिकच्या एका कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजीत पीएच.डी. करत होते. मी सुरगाण्याकडची, कोकणा या आदिवासी समाजाची. आमच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, मुळांत एक जिवाणू राहतो, हवेतला नायट्रोजन धरून पिकाला पुरवतो. माझे गाईड असलेल्या सरांना त्याचा अख्खा जीनोम, म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरं ओळीने, वाचायचा होता. मुळं मीच आमच्या शेतातून उपटून आणली. जिवाणू वेगळा केला, त्याचा डीएनए काढला. तो बाहेरच्या मोठ्या लॅबला गेला आणि त्याचं वाचन तुकड्यातुकड्यांत परत आलं. ते तुकडे जुळवायचे, मधल्या रिकाम्या जागा एकेक करून पुन्हा वाचायच्या. त्यात माझी वर्षं गेली. डोळ्यांवर चष्मा आला. स्थळं यायची थांबली.

जिवाणूचा डीएनए कड्यासारखा गोल असतो; शेवटची जागा भरली आणि तो जीनोमचा गोल पूर्ण झाला. सरांना सांगायला धावत गेले.

“वा! रिझर्व्हेशनवाल्यांतही निघतं म्हणायचं कुणीतरी.”

मी “थँक्यू सर” म्हणाले. हो, म्हणाले. फेलोशिपच्या कागदावर त्यांची सही. थिसिसवर त्यांची सही. गाईड सोडला की सगळं पहिल्यापासून. आणि दुसरा गाईड देणार कोण? कॉलेजात सगळे त्यांना वचकून. कुठे जाणार होते मी?

मग प्रोजेक्ट बघायला दिल्लीहून पाहुणे यायचं ठरलं. सर म्हणाले, “तुमच्याकडच्या वेशात ये. नागलीच्या भाकरी पण आण.”

घरी गेले. आईने पेटीतून तिचं ठेवणीतलं लुगडं काढलं. घड्या उलगडत म्हणाली, “डिग्री देतात का काय गं तुला?”

मला खरं सांगवलं नाही.

पाहुणे आले त्या दिवशी हॉलच्या दारात मला भाकरीची टोपली देऊन उभं केलं. पडद्यावर मी केलेला गोल. समजावून सांगत होती सरांची पुतणी. ती लॅबमध्ये नुकतीच आली होती. एका पाहुण्याने माझ्याकडे बघून विचारलं, “ये कौन हैं?”

सर हसून म्हणाले, “वहाँ की किसान औरत है. सॅम्पल इसी के खेत का है.”

पाहुण्याने कॅमेरा काढला. सर मराठीत मला म्हणाले, “हस जरा. आणि तुमच्यातलं एखादं गाणं म्हण.”

थिसिस डोळ्यांसमोर आला. आई आली. ‘डिग्री देतात का’ आलं. मी टोपली टेबलावर ठेवली.

“सर, शेतकरी माझी आई आहे. मी तुमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. हा जीनोम मी जुळवलाय. मी गाणं म्हणणार नाही.”

हेच हिंदीतही बोलले. पाहुण्याने कॅमेरा खाली घेतला. कुणीतरी म्हणालं, “चहा घेऊ या.” सगळे उठले.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “थिसिस कसा सबमिट करतेस, तेच बघतो.”

त्यांनी बघितलं. सही दिली नाही. दुसऱ्या गाईडकडे गेले, तर ते म्हणाले, “तुमच्या सरांशी आमचे संबंध आहेत हो.” फेलोशिप बंद झाली, हॉस्टेल सुटलं. पुढे या जीनोमचा पेपर जर्नलमध्ये छापून आला. त्यात पुतणीचं नाव होतं, माझं नव्हतं.

सातपूरच्या एका औषध कंपनीत लागले. पाणी तपासायचं, जंतू निघाले तर कळवायचं. शिफ्ट संपली की खोली. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “शेत आपलं, काम तुझं. मग तू गप का?”

मी विद्यापीठात तक्रार केली. अजून तिचं काही झालेलं नाही. सुट्टी टाकून जाते, बाकावर बसते. परवा तिथला क्लार्क हळू आवाजात म्हणाला, “ताई, मागे घ्या. सर मोठा माणूस आहे. तुमचं वय निघून जाईल यात.”

“जाऊ दे,” मी म्हणाले. “पेपरवर माझं नाव लागेपर्यंत येत राहणार. मागे घेणार नाही.”