दादानं सही केली नाही

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. हार्ट अटॅक. तशीच ड्राइव्ह करत न्यू जर्सीत एडिसनला त्याच्या घरी पोचले. जमलेल्यांतले एक काका हळहळत म्हणाले, "फार हट्टी हो तुमचा भाऊ. नाहीतर कुठल्या कुठे गेला असता." महिना झाला, ते वाक्य मला अजून झोंबतंय. होता हट्टी. बरं मग?

दादा जहाजांचा सर्व्हेयर. युरोपातल्या कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या परक्या बंदरांत आपली माणसं बसवत आल्या. जहाज समुद्रात जायच्या लायकीचं आहे की नाही, ते ही माणसं ठरवणार. अशाच एका कंपनीच्या न्यूअर्क बंदरातल्या ऑफिसातल्या गोऱ्यांत आमचा दादा पहिला सावळा. त्यांची रीत अशी, की आधी कप्तानाच्या केबिनमध्ये साग्रसंगीत जेवण, मग तपासणी. दादा मात्र जहाजाचा तळ तपासून वर येईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचा नाही. "खाल्ल्या मिठाला जागावं लागतं गं," म्हणायचा.

एकदा धान्य न्यायला आलेल्या जहाजाचा कप्तान रत्नागिरीचा निघाला. त्यानं दादासाठी खास सुरमई तळून घेतली होती. दादा आधी खाली उतरला. ताज्या रंगाच्या पत्र्यावर हातोडी मारली, ती आरपार गेली. कप्तान अजिजीनं म्हणाला, "आपल्याच माणसाला अडवणार?"

"खाली तुझे खलाशी आहेत, तेही आपलेच," दादा म्हणाला.

ऑफिसातून साहेबाचा फोन आला... आज पास कर, दुरुस्ती पुढच्या बंदरात होईल. वहिनीला सातवा महिना, आणि इथे नोकरी गेली की बाळंतपणाचा विमाही जातो. दादा तरी नाहीच म्हणाला. त्याला काढलं. दुसऱ्या सर्व्हेयरनं सही केली आणि जहाज सुखरूप पोचलं.

यावरच लोक हसतात. अहो, दारू पिऊन गाडी चालवणाराही कधीकधी घरी पोचतोच की. दादा पुढे एका कारखान्यात लागला, कमी पगारावर. कुरकुर केली नाही असं नाही, भरपूर केली. पण "चुकलं माझं" असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

परवा मी वहिनीकडे असताना न्यूअर्कच्या त्या ऑफिसातून फोन आला. त्यांच्या मासिकात दादावर चार ओळी छापायच्या होत्या. 'स्वेच्छेनं नोकरी सोडली' असं लिहिलं तर चालेल ना? वहिनी सावकाश इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही काढलंत त्यांना. तसंच छापा, नाहीतर त्यांचं नाव घेऊ नका." फोन ठेवला आणि खिडकीजवळच्या दादाच्या खुर्चीत जाऊन बसली. तो गेल्यापासून त्या खुर्चीत कुणीच बसलं नव्हतं.