मामांच्या नावावर गेलेली काच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच असेल.

मी आता सुरतेत एका कंपनीची गाडी चालवतो. गावापासून लांब, पण पोट भरतं. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला भाकरी देईल असं एवढं एकच काम मला येतं, आणि ते मला साहेबराव मामांनी शिकवलं. नात्यातले नव्हेत. जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात, ते शेठजींच्या कारवर ड्रायव्हर होते आणि मी हमालीला. दोघंही वाटूरचे, एवढंच नातं. तेवढ्यावर त्यांनी मला टेम्पो शिकवला — जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा तसाच ठेवून. शेजारच्या सळयांच्या मिलमधून तापल्या लोखंडाचा वास यायचा. माझ्या अंगावर बियाण्याच्या औषधाची गुलाबी पूड. मी स्टेअरिंग धरून दात आवळून बसायचो. मामा म्हणायचे, "ज्ञाना, ब्रेक पायानं मारायचा असतो लेका, दातानं न्हाई." अजूनही सिग्नलला कधी दात आवळले जातात आणि मी एकटाच हसतो. मंग हसू थांबतं.

काचेचं सांगायचंय ना — सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडं गाड्यांची पूजा. तोवर मी टेम्पोचा ड्रायव्हर झाल्तो. सकाळी मामांनी कार धुतली आणि ते हार आणायला गेले. जाताना बजावलं, नारळ शेठजी आल्यावर. मी एकटा राहिलो. पांढरी गाडी उन्हात नुसती लखलखत होती, आणि — लपवून काय करू? — मला ती पाहिजे होती. टेम्पो नको, ही. मी नारळ उचलला, गाडीवरून ओवाळला, मनात मागणं मागितलं. हात ओले होते. नारळ निसटला आणि समोरच्या काचेवर आदळला.

मसुरीएवढा टवका. खाली, डाव्या कोपऱ्यात. मी तो फडक्यानं पुसून पाहिला. टवका पुसून जातो का? मंग कुंकू कालवलं आणि त्याच्यावर जाडसं स्वस्तिक काढलं. मामा आले, बघितलं, म्हणाले, "झ्याक काढलंस." पूजेचं कुंकू आपल्या हातानं पुसायचं नाही, आपोआप जाऊ द्यायचं — हा मामांचा नेम. मला तो माहीत होता.

पाचव्या दिवशी शेठजींना घेऊन येताना बदनापूरच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली, आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. काचवाल्यानं उरलंसुरलं कुंकू खरवडलं, कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं आधीच मार बसलाय. खडा उडाला असंल."

"मामा, एवढा खडा लागला आणि कळलं नाही तुम्हाला?" शेठजी म्हणाले. रागानं नाही, काळजीनं.

मामांना काही आठवेना. ते माझ्याकडं वळले. "ज्ञाना, तू कुंकू लावलं तवा काच बराबर होती ना रे?"

"बराबर होती," मी म्हणालो.

कंपनीची काच एकोणीस हजार. साधी सातात बसत होती, पण शेठजींना साधी नको होती. इन्शुरन्समधून करावी तर पुढच्या वर्षीची सूट जाते. मंग निम्मे शेठजींचे, निम्मे मामांच्या पगारातून, दर महिन्याला हजार. दुसऱ्या कुणी सगळेच कापले असते. तो खर्च फिटला.

पण मामांना वाटायला लागलं, आपली नजर गेली. खडा येऊन काचेवर बसतो आणि आपल्याला दिसत नाही, ऐकू येत नाही — तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला याच्यापुढं आणखी काय पुरावा पाहिजे? डॉक्टरनं डोळे चांगले म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. रस्त्यात सावली आडवी आली तरी ब्रेक मारायला लागले. पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आत त्यांनी स्वतःच किल्ली शेठजींपुढं ठेवली. "या पोराला घ्या. याची नजर पक्की हाय." मी शेजारीच उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही? मी किल्ली घेतली. त्याच कारवरच्या अनुभवावर पुढं सुरतेची नोकरी लागली.

मागच्या खेपेला गावी गेल्तो. परतताना मामा मला सोडायला फाट्यावर आले, मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून. आता ते स्वतः काहीच चालवत नाहीत. चहा त्यांनीच पाजला. विचारलं, "तिकडं रस्ते बरे हायेत का? बघून चालव बाबू." मंग दूर वळणावर एसटी दिसली. "तुझी आली बघ, जालना हाय," ते म्हणाले. मला पाटीवरची अक्षरं अजून लागत नव्हती. बस आणखी बरीच जवळ आल्यावर लागली. जालनाच होती.

मी पिशवी उचलली, त्यांच्या पाया पडलो आणि बसमध्ये चढलो.