लेगगार्ड आणि चौकट
उसाचा रस उकळल्याचा वास आला की मला आमचा घरी बनवलेला लेगगार्ड आठवतो. एकाहत्तरच्या लढाईनंतर थोरला भाऊ सुट्टीवर आला आणि त्यानं जुनी मोटारसायकल घेतली. "आवं, लढाईतनं धड आलायसा, आता हिच्यावरनं पडून पाय मोडू नगा," वहिनी म्हणाली. मग गाडीला पुढं लेगगार्ड बसवायला आम्ही विहिरीवरचा जुना पाइप वाळूनं ठासून भरला, गुऱ्हाळाच्या चुलवाणात लालभडक तापवला आणि बाभळीच्या बेचक्यात घालून वाकवला. गार्ड दणकट झाला, पण इतका रुंद की गाडी घराच्या पुढच्या सोप्याच्या दारातून आत जाईना. भाऊ गार्ड कापायला निघाला, तशी वहिनी कडाडली, "त्याला हात लावू नगा. चौकट कापा!" मग चौकटीलाच दोन्हीकडून खाचा पाडल्या. गाडी कधीच विकली. परवा रंगारी त्या खाचा लांबीनं बुजवायला लागला, तर म्हातारी वहिनी आतून ओरडली, "ऱ्हाऊ दे रं, मग गाडी आत कशी येईल?"